सरोजिनीबाईंची अळणी आमटी

सरोजिनीबाईंनी मोबाइलवर स्वयंपाकाचे व्हिडिओ करायला घेतले ते लेकीसाठी. जगाला काही आमंत्रण नव्हतं, ते आपणहून आलं. बिबवेवाडीतल्या त्यांच्या ओट्यावरचं पिठलं, भरली वांगी, शेंगोळे पाहायला कुठकुठली माणसं जमली आणि 'मस्त काकू' म्हणत बदाम पाठवू लागली. जिच्यासाठी हा सगळा खटाटोप, ती निशा मात्र लग्न होऊन वाघोलीला गेल्यापासून बाहेरूनच जेवण मागवत होती.

"व्हिडिओ पाहिलास का गं?" असं विचारलं की "हो आई, छान आहे," एवढंच उत्तर यायचं. कार्टी नुसता अंगठा दाबून पुढे जाते, अशी सरोजिनीबाईंची जवळजवळ खात्री होती. बाकीच्यांनी पाहिलं काय न पाहिलं काय, त्यांना सोयरसुतक नव्हतं. निशा खरंच पाहते का, एवढं त्यांना कळायला हवं होतं, आणि ते विचारून कळण्यातलं नव्हतं.

व्हिडिओची रीतही निशाला धरूनच ठरली होती. 'चवीपुरतं मीठ' हे शब्द तिथे वर्ज्य. चवीपुरतं म्हणजे नेमकं किती, हे निशाला जन्मात उमगलं नव्हतं, म्हणून सगळं चमच्याने मोजून दाखवायचं. दुसरी रीत घरची होती. देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय कशाची चव घ्यायची नाही. त्यामुळे शेवटी एक घास तोंडात टाकून डोळे मिटायचा प्रकार त्यांच्याकडे नसे.

"आई, सगळ्या जणी खाऊन दाखवतात," निशा एकदा म्हणाली होती.

"देवाच्या आधी? त्यांच्या घरचं त्या बघतील."

शूटिंगचं खातं यजमानांकडे, म्हणजे दशरथरावांकडे होतं. वायरमनच्या नोकरीतून निवृत्त झाल्यापासून त्यांना स्टुलावर चढायला मिळत नव्हतं, ते या निमित्ताने मिळू लागलं.

होळीच्या दिवशी कटाची आमटी होती. पुरणाच्या डाळीचं निथळलेलं पाणी, म्हणजे कट, पातेल्यात रटरटत होतं. गोडा मसाला मोजून सरोजिनीबाई मिठाच्या बरणीकडे वळल्या, तेवढ्यात स्टुलावरून शूटिंग करणाऱ्या दशरथरावांचा चष्मा वाफेने धुरकटला, तोल गेला आणि मोबाइल हातून सुटता सुटता राहिला.

"अहो, खाली उतरा आधी. तुम्ही पडलात तर उचलता येईल, फोन आमटीत पडला तर काय करू?"

या गडबडीत मिठाचा चमचा बरणीतच राहिला. पुढे गूळ पडला, चिंचेचा कोळ पडला, कोथिंबीर पडली आणि नैवेद्य दाखवायच्याही आधी व्हिडिओ जगभर गेला.

जेवायला बसल्यावर पहिल्याच भुरक्याला भानगड कळली.

"अळणी आहे," दशरथराव म्हणाले. "देव काही बोलले नाहीत?"

सरोजिनीबाईंना हसू आलं नाही. त्यांनी धास्तावून मोबाइल उघडला. खाली अभिप्रायांचा पाऊस पडला होता. 'काकू, लगेच करून पाहिली, झक्कास झाली.' 'मसाल्याचं आणि मिठाचं प्रमाण अगदी अचूक.' ते वाचून त्यांचं मन खट्टू झालं. एवढी माणसं पाहतात म्हणून आपण उगाच हुरळलो, पाहत तर कोणीच नाही. मग निशा तरी कशाला पाहील? संध्याकाळी होळीची पूजा झाली की हा व्हिडिओ काढून टाकायचा, असं त्यांनी ठरवलं.

सोसायटीच्या आवारात होळी पेटली. नैवेद्य देऊन त्या मागे सरतात तोच निशाचा फोन आला.

"आई, पोळ्या विकतच्या आणल्या, पण आमटी मी केली. डाळ शिजवून कट काढला, तुझा व्हिडिओ पॉज करत करत केली. काहीतरी गंडलंय पण."

"कशी लागतेय?"

"कशीच लागत नाहीये. तू केलंस अगदी तस्संच केलंय गं."

"मीठ घातलंस?"

"तू कुठे घातलंस?" निशा म्हणाली.

सरोजिनीबाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. शेजारणींनी ते होळीच्या धुराच्या नावावर जमा केलं. खरं तर लेकीचं लग्न ठरलं तेव्हाही त्यांना इतका आनंद झाला नव्हता.

"विसरले गं बाई. दीड चमचा घाल आणि चांगली उकळी येऊ दे."

"बरं. आणि तो व्हिडिओ डिलीट कर, लोक हसतील."

"हसू देत. राहू दे तो."

घरी येऊन त्यांनी चष्मा लावला आणि सावकाश एकेक अक्षर शोधत व्हिडिओखाली लिहिलं, 'या आमटीत मीठ घालायला मी विसरले आहे. ज्यांची आमटी झक्कास झाली, त्यांनी सवड मिळाल्यास व्हिडिओही पाहावा.'