न झालेलं ऑपरेशन

"माझ्यावर सोड," असं म्हणून बाई समोरच्याच्या खांद्यावर दोनदा थाप मारायच्या. ती थाप पडली की पुढं काही विचारायची सोय उरायची नाही. पोराचा ताप असो, अडलेली बाळंतीण असो, नाहीतर साहेबांपुढं अडकलेला माझा रजेचा अर्ज असो, सगळं त्यांच्यावर सोडायचं. आणि खरं सांगायचं तर बरंचसं निभायचंही.

मी मोखाडा तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रात औषधनिर्माता म्हणून लागलो तेव्हा बाई सूर्यमाळच्या बाजूच्या उपकेंद्रात नर्स होत्या. वयानं माझ्यापेक्षा पंधरा-सोळा वर्षांनी मोठ्या. माहेर जामसरचं, नवरा आश्रमशाळेत मास्तर. मला त्या कधी नावानं हाक मारत नसत. "अहो गोळ्यावाले" म्हणत. डिप्लोमाचा ताजा तोरा होता माझा, राग यायचा. पण कुणापुढं काढणार?

अशी एखादी नर्सबाई तुम्हीही पाहिली असेल. उन्हानं रापलेली, इस्त्री कधीच मोडलेली पांढरी साडी आणि खांद्याला औषधांची पिशवी. आमच्या बाईंची खूण म्हणजे कुणाच्याही घरात शिरताना चपला हातात. दारात काढल्या की कुत्रं नेतं, असा त्यांचा अनुभव होता. एकदा एकच चप्पल घालून त्या चार मैल चालत आल्या होत्या म्हणे. तेव्हापासून चपला हातात, आणि खाली बसल्यावर मांडीखाली. मग घरातलं पोर मांडीवर. आणि मग पाड्याच्या बोलीत ज्या गप्पा सुरू व्हायच्या, त्यातलं मला निम्मंच कळायचं. तिकडे सगळ्यांना 'तू' म्हणतात, तालुक्याच्या साहेबालाही. बाईंना तर सगळ्या पाड्यांवर 'बाय'.

पण मार्च महिना आला की याच बाईंना बघून पाडे रिकामे व्हायचे. तेव्हा कुटुंब नियोजनाच्या ऑपरेशनचं टार्गेट असे. वर्षाला अमुक इतक्या केस आणायच्याच. नाही आणल्या तर मीटिंगमध्ये सगळ्यांदेखत उभं करून झाडायचे, बदलीची धमकी द्यायचे. टेकाडावरून कुणीतरी "बाय आली!" अशी आरोळी ठोकायचं आणि बायका पोरं काखेला मारून रानात पसार. बाई पाड्यात पोचेपर्यंत दोन म्हातारे आणि कोंबड्या. "गोळ्यावाले, एवढं तर लोक वाघाला भीत नाहीत," असं म्हणून त्या हसायच्या. हसून हसून डोळे पुसायच्या. ते पुसणं सगळंच हसण्याचं होतं असं आता वाटत नाही.

बायकांना पटवायची त्यांची एक रीत होती. पिशवीतून चित्रांचा तक्ता काढायच्या. त्यात बाईचं पोट आतून कसं असतं ते लाल-निळ्या रंगांत छापलेलं. गर्भाची पिशवी, दोन बाजूंना दोन नळ्या आणि नळ्यांवर कात्रीची खूण. ते दाखवून झालं की आजूबाजूला पुरुष नाही असं बघून स्वतःचा पदर बाजूला करायच्या आणि बेंबीखालचा व्रण दाखवायच्या. "माझं पण झालंय, बघ. मेले का मी?" आणि मग खांद्यावर थाप.

अशीच थाप त्यांनी सूर्यमाळजवळच्या एका पाड्यावर एका बाईला मारली होती. दोन पोरं होती तिला. एक केस कमी पडत होती, महिना संपत आला होता. ती तयार झाली. पुढच्या पावसाळ्यात दोन्ही पोरं तापानं गेली, एका आठवड्याच्या अंतरानं. नवऱ्यानं दुसरी आणली. ती त्याच पाड्यावर भावाच्या घरी परत आली आणि भावाची आईवेगळी पोर तिनं वाढवली. बाईंनी हे मला कधी सांगितलं नाही, मास्तरांकडून कळलं. त्या पाड्याकडं जायची वेळ आली की बाई एकट्याच जायच्या आणि आल्यावर त्या दिवशी कुणाला चिडवायच्या नाहीत.

मग टार्गेट बंद झालं. बायका रानात पळायच्या थांबल्या. आणि त्याच सुमाराला भावाची ती पोर, सतरा वर्षांची, आश्रमशाळेतून दहावी झालेली, पोलिओ डोसाच्या दिवशी बाईंच्या मदतीला आली. डबा उचलताना तिचा पदर सरकला आणि मानेवरची गाठ बाईंना दिसली. आत नेऊन तपासली तर जांघेतही गाठी. बाई माझ्याकडं आल्या त्या चप्पल पायात ठेवूनच आल्या. "मुंबईला न्यावी लागेल. तुम्ही चला. मला तिथले कागद कळायचे नाहीत."

जव्हारच्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन आम्ही निघालो. बाप, पोरगी, बाई आणि मी. कसाऱ्यापर्यंत जीप, पुढं गाडी. मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात जांघेतली एक गाठ काढून तपासायला घेतली, दोन टाके पडले. निदान झालं कॅन्सरचं. पण डॉक्टरीणबाई तरुण होत्या, समजावून सांगणाऱ्या होत्या. म्हणाल्या, हा बरा होणारा आहे. आधी औषधं, मग शेक. ते लोक किरणांच्या उपचाराला शेक म्हणतात. मग त्यांनी पोरीकडं बघून विचारलं, "लग्न झालंय?"

"ठरलंय," बाई म्हणाल्या. दाभोसा गावचा मुलगा होता, चांगला होता.

डॉक्टरीणबाईंनी एक कागद ओढला आणि सांगितलं. शेक ओटीपोटावर द्यायचा आहे. त्यानं बीजाच्या दोन्ही पिशव्या जळून जातील, पाळी बंद होईल, मूल होणार नाही. पण शेकाच्या आधी एक छोटं ऑपरेशन करता येतं. त्या दोन पिशव्या जागेवरून उचलून वर, बाजूला टाचून ठेवायच्या, म्हणजे किरण तिथं पोचत नाहीत. शंभर टक्के खात्री नाही, पण आशा बरीच. मुलगी सज्ञान नाही, तेव्हा बापाची सही लागेल. औषधं संपली की लगेच करायचं, शेक लांबवता येणार नाही.

बापाला सही समजली, बाकीचं नाही. तो म्हणाला, घरी विचारून सांगतो. घरी म्हणजे बहिणीला. पोर तिनं वाढवलेली.

परतीच्या जीपमध्ये बाईंचा चेहरा मला अजून दिसतो. आजार कॅन्सरचा, पण बाई आतून उजळल्या होत्या. "गोळ्यावाले, आख्ख्या नोकरीत पोरं थांबवायची ऑपरेशनं करवली. हे पहिलं पोरं व्हावीत म्हणून!" मी म्हटलं, आत्याबाई ऐकतील का? त्यांनी माझ्याच खांद्यावर थाप मारली.

औषधं चार-पाच महिने चालली. केस गेले, पोर वाळली, पण गाठी विरल्या. शेकाची तारीख आली तेव्हा बाई आणि मी पाड्यावर गेलो. उन्हाळा होता. आत्याबाईंनी खालच्या झऱ्यावरून आणलेलं पाणी आम्हाला तांब्याभर दिलं. बाप उंबऱ्याशी, पोरगी कुडाला टेकून, डोक्याला फडकं बांधलेली. बाईंनी बोलीत सांगायला सुरुवात केली. छान सांगत होत्या. पण पिशव्या कुठं असतात, त्या उचलून कुठं ठेवतात, हे हातानं दाखवता येईना. तेव्हा बाईंनी काय करावं? सवयीनं पिशवीत हात घातला आणि तो तक्ता काढला. दुसरं चित्र त्यांच्याजवळ नव्हतं. सरकारनं बाईच्या पोटाचं एकच चित्र दिलं होतं, कात्रीची खूण असलेलं.

आत्याबाई त्या चित्राकडं बघत राहिल्या. मग बोटानं त्याला न शिवता दाखवत म्हणाल्या, "ह्योच. ह्योच कागद तू मला दाखवला व्हतास."

"अगं, हे ते नाही. हे उलटं आहे. हिला पोरं व्हावीत म्हणून..."

"मला बी तू असंच सांगलं व्हतंस. बरं होल, ताकद राहील, पोरं नीट वाढतील."

"ह्यावेळी खरंच माझ्यावर सोड."

"सोडलं व्हतं, बाय," आत्याबाई म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "एकदा सोडलं व्हतं. पोरीच्या पोटाला हात लावाचा नाय."

बाईंनी तक्ता मिटला. मी मध्ये तोंड घातलं, किरण, पेशी, काय काय बोललो. माझं प्रमाण मराठी त्या घरात कुणाच्या कानात गेलं असेल देव जाणे. पोरीला विचारलं, तुला काय वाटतं? ती आत्याकडं बघत राहिली.

बाई त्यानंतर तीनदा गेल्या. एकदा मास्तरांना घेऊन, एकदा आमच्या डॉक्टरांना घेऊन. डॉक्टर नवे होते, ते रागावले, आणि जे थोडं जमत आलं होतं तेही गेलं. मुंबईला शेकासाठी दाखल केलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी पुन्हा फॉर्म पुढं केला. बाप भिवंडीला कामाला जाणारा माणूस, शहरात हिंदीच बोलायची असते असं मानणारा. हात जोडून म्हणाला, "डॉक्टर, सेक देना. काटना नाय." शेकाच्या फॉर्मवर अंगठा दिला आणि दुसरा फॉर्म तसाच परत केला. बाईंनी पोरीला बाजूला घेतलं. तू बोल, तू बोललीस तर बाप ऐकेल. पोरीला सगळं कळलं होतं, शाळा शिकलेली होती. ती म्हणाली, "आत्याला दुखवून नको, बाय." मी तिथंच उभा होतो. आत्या, बाप, बाई, डॉक्टरीणबाई, चौघंही चांगली माणसं, प्रत्येकाच्या मनात त्या पोरीचं भलंच, आणि तरी शेकाच्या खोलीचं दार बंद झालं. इतकं हतबल मला आयुष्यात पुन्हा कधी वाटलं नाही.

पोर बरी झाली. केस आले, अंग भरलं. दाभोशाच्या मुलानं शब्द पाळला, घरी नेली. तिकडे आधी संसार आणि सवडीनं लग्न असंही चालतं. तीन वर्षं झाली, काही नाही. ती बाईंकडं आली आणि पाळी परत यायची काही आशा आहे का ते विचारून गेली. पुढच्या दिवाळीनंतर दाभोशाचा मुलगा बाहेरगावी मजुरीला गेला तो एकटाच, आणि ती आत्याकडं परतली.

पाड्यावर बोललं जाऊ लागलं की बाईंनी डाव साधलाच. शेकाच्या नावाखाली मुंबईत गुपचूप ऑपरेशन करून टाकलं. पुरावा म्हणजे जांघेतला तो दोन टाक्यांचा व्रण. मला हे एका जीपवाल्यानं सांगितलं. मी तसाच उपकेंद्रावर गेलो आणि बाईंवर ओरडलो. "तुम्ही गप्प कशा बसता? जाऊन सांगा ना, ऑपरेशन झालं नाही म्हणून हे झालं!"

बाई लसींच्या डब्यात बर्फ भरत होत्या. भरून झाल्यावर म्हणाल्या, "कुणाला सांगू? तिला? तुझ्या 'नको'मुळं झालं असं सांगू?"

"पण खरं तेच आहे."

"आहे की. तिची दोन पोरं गेली, गोळ्यावाले. आता ही तिसरी तिनंच घालवली म्हणून सांगून येऊ? माझ्यावरच राहू दे. तसंही तिचा 'नको' कुठून आला?"

मी चिडून चहा न घेता निघालो. त्या थांबा म्हणाल्या होत्या.

पुढं बाईंची बदली झाली, त्या निवृत्त होऊन माहेरच्या गावी राहायला गेल्या, आणि एका हिवाळ्यात वारल्या. जामसरला दहाव्याला तालुक्याच्या निम्म्या बायका आल्या होत्या. रानात पळणाऱ्यासुद्धा होत्या, आता नातवंडं काखेला घेतलेल्या. त्या पाड्यावरून कुणी नव्हतं.

महिन्याभरानं मोखाड्याच्या बाजारात आत्याबाई भेटल्या. बरोबर ती पोर, आता पोर कसली, बाई झालेली. आत्याबाईंनी मला ओळखलं.

"ती बाय मेली म्हणं?"

"हो."

त्यांनी हातातली पिशवी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "मरणाऱ्याला वाईट बोलू नाय. पण पोरीचं केलंच तिनं शेवटाला."

माझ्या ओठावर आलं होतं. बाईंसाठी आलं होतं, मेलेल्या माणसाला तरी न्याय मिळावा म्हणून. तेवढ्यात त्यांच्या मागून ती माझ्याकडं बघत होती ते मला दिसलं. तिनं मान हलवली, अगदी थोडी. नको.

"मी सही नाय देऊ दिली," आत्याबाई मला समजावून सांगत होत्या. "बाप देत व्हता, मी नाय देऊ दिली. तेवढं तरी माझ्या हातून झालं पोरीसाठी."

"हो," मी म्हणालो. "तेवढं झालं."

"चल आत्या, जीप भरली," ती म्हणाली. आत्याला तिनं हात धरून आत बसवलं, स्वतः मागच्या फळीवर उभी राहिली आणि जीप घाटाला लागली.