कोपऱ्यातला आकडा

पोलिसातल्या नोकरीत हजारो कागद हातांखालून गेले. बहुतेक विसरलो, आणि विसरलो तेच बरे झाले. पण इंग्रजीत टाइप केलेला चार ओळींचा एक कागद मला अजून जसाच्या तसा आठवतो. तो एका बुधवारी सकाळच्या टपालात आला. खाली सही नव्हती. मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीच्या फाटकाजवळ एक पीयूसी केंद्र आहे, तिथे गाडी न पाहताच धूर तपासल्याच्या चिठ्ठ्या देतात, साहेबांनी केंद्रात राहणाऱ्या त्यांच्या स्थळप्रती पाहाव्यात, एवढाच मजकूर होता.

निनावी अर्जांचे आमच्याकडे काय होते ते सांगायला नको. पण हा कागद मी बाजूला टाकू शकलो नाही. आदल्याच आठवड्यात माझ्या हद्दीत एक अपघात झाला होता. पाळी सुटल्यावर कंपनीची एक बस काळा धूर सोडत निघाली आणि त्या धुरात मागच्या मोटारसायकलवाल्या कामगाराला समोरचे काही दिसले नाही. त्याचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. बसच्या कागदांत पीयूसीची चिठ्ठी होती, आठ दिवसांपूर्वीची. धूर मर्यादेत, असे तीत स्वच्छ अक्षरात लिहिले होते.

तो काळ नव्या गाड्यांचा होता. अलकापुरीत शोरूम उघडत होत्या, ज्याच्या घरात सायकल होती त्याच्या घरात स्कूटर आली होती. धुराचे नियमही नवेच होते आणि लोक ते पाळण्यापेक्षा त्यांचा कागद मिळवण्यात हुशार झाले होते. मी बडोद्याचाच. आमच्या घराण्यात दोन पिढ्या संस्थानाच्या कचेरीत कारकुनी झाली. कागद म्हटला की माझा जीव त्यात अडकतो, हा आमचा खानदानी रोग.

त्याच दुपारी जमादाराला आणि दोन पंचांना घेऊन मी केंद्रावर गेलो. पत्र्याची टपरी, एक यंत्र, यंत्राला लांब नळी. केंद्राचा मालक पन्नाशीचा, पांढऱ्याशुभ्र कपड्यातला शेठ होता. पोलीस पाहून तो जराही बिचकला नाही. हे मला खटकले. निर्दोष माणूससुद्धा खाकी पाहून थोडा गडबडतो.

"आवो साहेब, बेसो. चाय मंगावूं?"

"चहा नको. स्थळप्रतींची पुस्तके काढा."

त्याने पुस्तके स्वतःहून टेबलावर ठेवली आणि मग हळूच म्हणाला, "साहेब, मशीन तो पेलो परदेशी चलावे छे. युनिव्हर्सिटीमां भणे छे. बधी सही एनी. मने तो कांई खबर नथी."

परदेशी म्हणजे यंत्र चालवणारा, आफ्रिकेतल्या एका देशाचा विद्यार्थी. देशाचे नाव मुद्दाम लिहीत नाही. पुस्तके चाळली. खरोखर प्रत्येक स्थळप्रतीवर त्याचीच आद्याक्षरे होती, अपघातवाल्या बसच्या स्थळप्रतीवरही. पंचनामा करून पुस्तके जप्त केली. फसवणूक आणि खोट्या दस्तऐवजाचा गुन्हा दाखल झाला. आरोपीच्या रकान्यात अजून नाव नव्हते, पण ते कुणाचे पडणार हे ठाण्यातला चहावालासुद्धा सांगू शकला असता.

गुरुवारी वरच्या साहेबांचा फोन आला. गांधीनगरात त्या काळी खुर्च्या भराभर बदलत होत्या. आज सरकार कुणाचे हे सकाळचा पेपर उघडल्यावर कळायचे. नवा माणूस खुर्चीत बसला की त्याच्या ओळखीचे शेठही नवे. साहेब म्हणाले, "परदेशी माणूस आहे, परवान्याशिवाय काम करत होता. सोमवारपर्यंत अहवाल द्या. परकीयांची नोंदणी शाखा देश सोडण्याचा हुकूम काढेल. कोर्टकचेरीची कटकटच नको." सल्ला सोयीचा होता. खोटे कशाला सांगू, मलाही तो क्षणभर आवडला.

शुक्रवारी सकाळी सयाजीगंजातल्या खोलीवरून त्याला ठाण्यात आणले. वय तिशीच्या आसपास, उंच, शर्टाची कॉलर झिजलेली पण इस्त्रीची. यंत्रअभियांत्रिकीत तो पुढचे शिक्षण घेत होता, विषयही इंजिनाच्या धुराचाच. जमादाराने नेहमीच्या पद्धतीने टेबलावर हात आपटला. तो दचकला नाही, फक्त उभा राहिला. तो उभा राहण्याचा प्रकार मला ओळखीचा होता. ज्याने आधी कुठेतरी फार वाईट चौकशी पाहिली आहे, तो असा उभा राहतो. मी जमादाराला बाहेर पाठवले.

"काम करत होतास?"

"हां साहब."

"परवाना?"

"नहीं साहब. वो भी लिखिए."

आरोपी स्वतःविरुद्धची गोष्ट अशी लिहून घ्यायला सांगत नाहीत. मी लेखणी खाली ठेवली आणि घरचे विचारले. त्याच्या देशाला स्वातंत्र्य मिळाले तेव्हा त्याचे वडील वाहन खात्यात निरीक्षक म्हणून लागले. पुढे सरकारे उलटली. एकदा सैन्याने उलटवले, मग त्या सैन्याला दुसऱ्या सैन्याने. दर वेळी जुने परवाने रद्द, नवे शिक्के. वर्षभरापूर्वी पुन्हा सत्ता पालटली आणि नव्यांनी वडिलांना तुरुंगात टाकले, कारण जुन्या सरकारच्या कागदांवर त्यांच्या सह्या होत्या. इकडे मुलाची शिष्यवृत्ती थांबली. देशात परतलेला थोरला भाऊ विमानतळावरूनच उचलला गेला होता, त्याचा पत्ता नव्हता.

"वापस भेजेंगे तो?" मी विचारले.

 त्याने माझी खाली ठेवलेली लेखणी उचलून माझ्या हाताशी ठेवली.

मी पुस्तके पुढे सरकवली. सह्या तुझ्या आहेत का, म्हणालो. तो पाने उलटू लागला आणि प्रत्येक पानावर बोट ठेवून म्हणू लागला, "ये मेरा. ये मेरा नहीं. नहीं. नहीं. ये मेरा." सही तो बघतच नव्हता. गाडीचा नंबरही नाही. त्याने दाखवलेली पाने मी दुसऱ्या कागदावर उतरवून घेतली, त्याला तासभर बाकावर बसवले आणि पुस्तकांचा क्रम बदलून पुन्हा विचारले. एकही उत्तर बदलले नाही.

आता मीच चष्मा लावून बसलो. सही हुबेहूब सारखी. मग दिसले. त्याने "मेरा" म्हटलेल्या प्रत्येक स्थळप्रतीच्या खालच्या कोपऱ्यात पेन्सिलीने एक बारीक आकडा होता. कुठे सात, कुठे अकरा, कुठे चार. बाकीच्यांवर, अपघातवाल्या बसच्या प्रतीवरही, कोपरा कोरा.

"हे काय?"

"इंजन गरम करने का टाइम, साहब. ठंडा इंजन झूठ बोलता है. मैं बोनट पर हाथ रखता हूं, फिर नली डालता हूं. कितने मिनट लगे, वो लिखता हूं. मेरे काम के लिए."

शेठने सही गिरवली होती, पण त्या आकड्याचा अर्थ त्याला कधी कळलाच नव्हता. हिशेब वा नक्षी समजून त्याने तो सोडून दिला असावा. मला आनंद झाला, पण तो लगेच मावळला. कोर्टात शेठचा वकील एकच प्रश्न विचारणार होता. खोट्या चिठ्ठ्यांवर आकडा न लिहिण्याची चलाखी ह्याने स्वतःच केली नसेल कशावरून? तपास अजून त्याच्या शब्दावरच उभा होता आणि परक्या माणसाचा शब्द किती टिकतो ते मी जाणून होतो.

शनिवार वाया गेला. कोऱ्या कोपऱ्याच्या गाड्यांचे मालक एकजात म्हणाले, गाडी नेली होती, परदेशीनेच तपासली. कोण कशाला कबूल करेल?

रविवारी जेवण करून मी पुस्तके घेऊन ठाण्यात येऊन बसलो. मला एक गाडी हवी होती, फक्त एक, जी त्या दिवशी केंद्रावर असणे शक्यच नव्हते. पाने उलटता उलटता एका नंबरावर माझे बोट थांबले. तो नंबर मला घरच्या पत्त्यासारखा पाठ होता. ती आमच्या ठाण्याची जीप होती. कोपरा कोरा.

मी जीपची लॉगबुक कपाटातून काढली. चिठ्ठीच्या तारखेला जीप पोलिसांच्याच वर्कशॉपमध्ये होती. इंजिन उतरवलेले. त्याच्या आधी तीन दिवस आणि नंतर नऊ दिवस, जीपमध्ये इंजिनच नव्हते. आणि ह्या बिनइंजिनाच्या जीपचा धूर मर्यादेत आढळला होता!

जीपचा ड्रायव्हर आमच्या रावपुऱ्याकडचाच मराठी माणूस, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा. मी त्याला काका म्हणत असे. बोलावून चिठ्ठी दाखवली.

"काका, ही कुठून आणली?"

"त्या फाटकाजवळच्या सेंटरमधून, साहेब."

"जीप नव्हती तेव्हा?"

"जीप तर वर्कशॉपमां पडलेली ना. मी सायकलवर गेलो नि कागद घेऊन आलो. इन्स्पेक्शन होतं ना, साहेब. फाइलला कागद लागतो. बधेच तसं करतात." मग माझा चेहरा पाहून तो हळू आवाजात म्हणाला, "तुम्हीच तर सही केली, साहेब. पाहिलं नाही का तुम्ही?"

मी फाइल उघडली. चिठ्ठी नीट डकवलेली होती आणि खाली 'पाहिले' असे लिहून माझीच सही होती.  मला लाज वाटली, आणि लाजेच्या पाठोपाठ भीती. ही जीप पुराव्यात आणली तर पोराचे नाव आरोपीच्या रकान्यात पडायचे टळते आणि माझे नाव खात्याच्या चौकशीत येते. बढतीच्या यादीत माझा क्रमांक जवळ आला होता. नाही आणली, तर कुणालाही कळणार नाही. काका बोलणार नव्हता. लॉगबुक माझ्याच कपाटात होती. दोन तास मी त्या खुर्चीत बसून होतो, आणि त्या दोन तासांचा मला आजही अभिमान वाटत नाही.

घरी गेलो तेव्हा बायको म्हणाली, "अहो, चेहरा का असा उतरलाय?" सगळे सांगितले. तिने भाजी निवडता निवडता ऐकले आणि म्हणाली, "ठपका बसला तर आपण इथेच राहू ना, बडोद्यात? त्याला तर राहायला देशच नाही." एवढे बोलून ती आत गेली. मी तसाच परत ठाण्यात जाऊन अहवाल लिहिला.

सोमवारी पहिल्या प्रथम शेठला बोलावले. समोर फक्त जीपची स्थळप्रत ठेवली.

"ही गाडी तुमच्याकडे आली होती?"

"आवी हती ने, साहेब. मने बराबर याद छे. पोलीसनी जीप कोण भूले?"

"नळी घातली?"

"घाली. परदेशीए मारी सामे घाली."

"इंजिन चालू होते?"

"एकदम चालू. मक्खन जेवुं."

मी लॉगबुक उघडून त्याच्याकडे वळवली. वर्कशॉपचा शिक्का, इंजिन उतरवल्याची नोंद, परत बसवल्याची तारीख. त्याने ते दोनदा वाचले. पांढऱ्या सदऱ्याच्या छातीवर घामाचा डाग पसरत गेला. मग त्याने पाणी मागितले. दुपारपर्यंत त्याचा जबाब पूर्ण झाला. कोऱ्या कोपऱ्याच्या साऱ्या सह्या त्यानेच बसून केल्या होत्या, त्याचा पुतण्या शेजारी बसून गाड्यांचे नंबर सांगत असे.

अहवाल मी स्वतः घेऊन गेलो. वरच्या साहेबांनी जीपचा परिच्छेद वाचला आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. "हा काढून टाकला तरी केस उभी राहील का?"

"नाही, साहेब. केस त्याच्यावरच उभी आहे."

त्यांनी नाइलाजाने सही केली. विद्यार्थी साक्षीदार झाला. परवान्याशिवाय काम केल्याचेही मी लपवले नव्हते. त्याबद्दल त्याला लेखी ताकीद मिळाली आणि देश सोडण्याचा हुकूम थांबला. मला ठपका मिळाला. बढती तीन वर्षे लांबली. काकाने महिनाभर माझ्याशी धड बोलणे टाकले, आणि त्याचेही बरोबरच होते. सवय आम्हा दोघांची होती, वरिष्ठ मी होतो.

निनावी पत्र कुणाचे हे मी त्या विद्यार्थ्याला पुढे एकदा विचारले. तो हसला. पाय गेलेला कामगार रोज केंद्रावरून जात असे, म्हणाला, आणि त्याला हात करत असे. "पण तुला माहीत होते, बोट तुझ्याकडेच येईल," मी म्हणालो. त्यावर तो जे बोलला ते त्याच्याच तोडक्या हिंदीतून मला जसे समजले तसे लिहितो. आमच्याकडे आधी असेच छोटे कागद खोटे झाले, साहेब. कुणाला त्याचे काही वाटले नाही. मग एका सकाळी रेडिओवर एका अधिकाऱ्याने मोठा कागद वाचून दाखवला, आता देश आमचा म्हणून. तो खोटा आहे असे म्हणायची सवयच कुणाला उरली नव्हती.

पदवी मिळाल्यावर तो निरोप घ्यायला ठाण्यात आला. दुसऱ्या एका देशात त्याला नोकरी लागली होती. वडील तुरुंगातच वारल्याचे त्याने तेव्हा सांगितले; त्याला परत पाठवण्यासाठीचा अहवाल माझ्याकडे ज्या महिन्यात मागितला होता, त्याच महिन्यात.  मी त्याचा हात धरून ठेवला, इतकेच. मग तो म्हणाला, "साहब, जीप कहां है?"

विद्यापीठाचे यंत्र त्याने रिक्षातून आणले होते. काकाने जीप सुरू केली. तो बोनटवर हात ठेवून उभा राहिला. ऊन कडक होते, जमादार चुळबुळ करू लागला, पण नळी घालायची घाई त्याने केली नाही. मग मोजमाप झाले, त्याने चिठ्ठी लिहिली, कोपऱ्यात पेन्सिलीने अकराचा आकडा घातला आणि दोन्ही हातांनी ती मला दिली.

जीप नापास झाली होती. पंधरा दिवस ती वर्कशॉपला गेली आणि मी हद्दीची गस्त सायकलवर घातली. लोक हसले, हसू देत म्हटले.

निवृत्तीनंतर कपाट आवरताना बक्षिसांची, शाबासकीची बरीच प्रमाणपत्रे मी रद्दीत दिली. ठपक्याची प्रत आणि ती नापासाची चिठ्ठी मात्र एकाच पाकिटात जपून ठेवली आहे. हे दोन कागद खरे आहेत, हे मी कुणाच्याही सहीशिवाय सांगू शकतो.