स्मोकोचा कॉल आणि माझा चार पानी फॉर्म

आमच्या तीन कॅम्पसचे तीन प्रमुख रोज सकाळी दहा वाजता फोनवर दहा मिनिटं बोलायचे. तो कॉल मी बंद केला.

मेलबर्नच्या एका व्होकेशनल कॉलेजात मी गव्हर्नन्स ऑफिसर आहे. म्हणजे नेमकं काय, हे माझ्या सासूबाईंना मी दहा वर्षं समजावतोय. कॉलेज एक, बोर्ड एक, पण कॅम्पस तीन. कुठला निर्णय कॅम्पसने घ्यायचा, कुठला हेड ऑफिसने आणि कुठला बोर्डाने, याची यादी मी सांभाळतो. त्या यादीला डेलिगेशन म्हणतात. शिवाय मीटिंगचे मिनिट्स, म्हणजे इतिवृत्त, लिहितो. मिनिट्स नाहीत म्हणजे मीटिंग झालीच नाही, या श्रद्धेवर माझं पोट चालतं.

आणि या तिघांच्या कॉलचे मिनिट्स नव्हते. इथे सकाळच्या चहाच्या सुट्टीला स्मोको म्हणतात. त्या वेळात ही मंडळी हातात मग घेऊन एकमेकांना शिक्षक, खोल्या, यंत्रं उधार द्यायची. कुठे नोंद नाही, सही नाही. कितवं लॉकडाऊन चालू होतं ते मोजायचं आम्ही तेव्हा सोडून दिलं होतं. मी पॉइंट कुक या उपनगरात घरी, डायनिंग टेबलवर ऑफिस मांडून बसलेलो. वर बॉस नाही, खाली कोणी नाही, आणि हाताशी भरपूर वेळ. अशा वेळी माझ्यासारखा माणूस सुधारणा करतो.

मी नवीन डेलिगेशन लिहिलं, एकसष्ट पानांचं. त्याला जोडून एक फॉर्म: चार पानं, पाच सह्या. एका कॅम्पसला दुसऱ्याकडून काहीही हवं असेल तर तो भरायचा. मग तो कमिटीपुढे जाणार. कमिटी दर दुसऱ्या मंगळवारी बसणार. कमिटीचा सेक्रेटरी मीच. म्हणजे फॉर्म माझ्याकडून निघून माझ्याकडेच यायचा, आणि मधे दोन आठवडे पडून राहायचा. बोर्डाने झूमवर माना डोलावल्या. मी स्वतःवर इतका खूश की त्या दिवशी मीच श्रीखंड केलं.

पहिला फॉर्म आला तो ट्रेसीचा. ट्रेसी म्हणजे आमच्या सगळ्यात लहान, शेतांच्या कडेला असलेल्या कॅम्पसची प्रमुख. झालं होतं असं, की मोठ्या कॅम्पसमध्ये एक कोविड पेशंट येऊन गेल्याचं निघालं आणि कॅम्पस आठवडाभर बंद झाला. आत अडकला होइस्ट. होइस्ट म्हणजे ज्याला उठता येत नाही अशा माणसाला कापडी झोळीत घालून पलंगावरून खुर्चीत नेणारं यंत्र. तिथल्या एज्ड केअरच्या, म्हणजे वृद्धांच्या शुश्रूषेच्या कोर्सच्या, चौदा विद्यार्थ्यांना त्यावरची परीक्षा शुक्रवारपर्यंत द्यायची होती. ती झाली तरच सोमवारपासून एका नर्सिंग होममध्ये त्यांचं प्लेसमेंट, म्हणजे प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण, सुरू होणार होतं. नाहीतर त्या जागा दुसऱ्या कॉलेजच्या बॅचला. ट्रेसीकडे दुसरा होइस्ट होता. तो मधल्या कॅम्पसला न्यायचा आणि परीक्षा तिथे घ्यायची, एवढीच तिची मागणी.

फॉर्म आला सोमवारी. मी तो त्याच दिवशी परत पाठवला. मोठ्या कॅम्पसच्या प्रमुखाची सही नव्हती. तो बिचारा घरी आयसोलेशनमध्ये, प्रिंटर कुलपात. मी मात्र शेवटी ‘थँक्स फॉर युअर पेशन्स’ लिहायला विसरलो नाही.

बुधवारी मनीषाचा फोन आला. ती शेजारच्या टार्निटची, आमच्या गणपतीच्या मंडळातली, आणि त्या चौदांतली एक. नवऱ्याचं रेस्टॉरंट बंद पडलं, त्याची नोकरी गेली. हिचं प्लेसमेंट झालं की त्याच नर्सिंग होममध्ये नोकरी पक्की, असं तिला सांगितलेलं. घर आता त्या नोकरीवर अवलंबून होतं.

“दादा, तुमच्या कॉलेजात कुठला तरी फॉर्म अडलाय म्हणे. आमची परीक्षा लटकलीय.”

“हो का?”

“कोणीतरी अतिशहाण्याने काढलाय नवीन. तुम्ही ओळखता का त्याला?”

“थोडाफार,” मी म्हणालो.

फोन ठेवला आणि ट्रेसीला लावला. ती बोलली इंग्रजीत; मी मराठीत सांगतोय, माझ्यासाठी वापरलेली दोन विशेषणं गाळून.

“तुझं डॉक्युमेंट वाचलंस का?” तिने विचारलं.

“मीच लिहिलंय.”

“ते नाही विचारलं, मेट.”

मी फाइल उघडली.

“पान त्रेचाळीस काढ.”

काढलं. लिहिलं होतं: दोन मीटिंगच्या मधे तातडी असेल तर एका कॅम्पसप्रमुखाच्या लेखी विनंतीवर बोर्डाच्या अध्यक्षांनी निर्णय घ्यावा, पुढच्या मीटिंगला बोर्डाला कळवावा, विनंती गव्हर्नन्स ऑफिसरने अध्यक्षांपर्यंत न्यावी. हे कलम मी दुसऱ्या एका नमुन्यातून उचलून चिकटवलं होतं. वाचलं आज.

“सोमवारच्या मेलच्या शेवटी मी हेच लिहिलं होतं,” ट्रेसी म्हणाली. “तू सही नाही एवढंच पाहिलंस. आज परत आठवण करणार होते.”

मी विचारलं, “तू सरळ होइस्ट उचलून का नाही नेलास? कोण अडवणार होतं तुला?”

“कोणीच नाही. पण मग पुढच्या वेळी दुसरा कोणीतरी गुपचूप उचलेल. आमचं तिघांचं जमतं, कारण कोणी गुपचूप काही करत नाही. तुला वाटलं त्या कॉलवर आम्ही नुसत्या गप्पा मारतो?”

मला तसंच वाटलं होतं.

पाच मिनिटांत आम्ही दोघं अध्यक्षबाईंच्या लाइनवर. हेलन त्यांचं नाव. उभा जन्म दुधाच्या डेअऱ्या चालवण्यात गेलेला. त्यांनी तीनच गोष्टी विचारल्या. याने कोणत्या कॅम्पसचं काही अडतं का? चूक निघाली तर परत फिरता येईल का? तिन्ही प्रमुखांना आज कळेल का? उत्तरं मिळाली. “न्या,” म्हणाल्या. एवढा छोटा निर्णय मी तोवर मिनिट्समध्ये लिहिलेला नव्हता.

मग त्यांनी विचारलं, “पण तो रोजचा कॉल असताना हे माझ्यापर्यंत आलंच कसं?”

ट्रेसी काही बोलली नाही. बोलू शकली असती. ही तिची सभ्यता मी विसरणार नाही.

“कॉल मी बंद केला,” मी म्हणालो.

“का?”

“त्याचे मिनिट्स नव्हते.”

“मग एक ओळ लिहायची होती. कॉल कशाला मारला?”

पुढच्या मीटिंगला बोर्डाने कॉल परत सुरू केला. आता त्याला एक पान असतं, तीन रकाने: कोणाला काय हवंय, कोण काय देऊ शकतं, आज काय ठरलं. त्यात मावणार नाही ते बोर्डाकडे. हे तीन रकाने ट्रेसीने सुचवले. त्यानंतरच्या लॉकडाऊनमध्ये एकही वर्ग यंत्रासाठी थांबला नाही. मला शिकायला मिळालं ते इतकंच: कोणी काय ठरवायचं हे लिहून ठेवावं, आणि लिहिणाऱ्यानेही ते एकदा वाचावं.

पण त्याआधी, त्याच शुक्रवारी, लॉकडाऊनमध्ये बाहेर पडायचं परमिट घेऊन मी मधल्या कॅम्पसला गेलो. मला कोणी बोलावलं नव्हतं. तोंड दाखवावं म्हणून गेलो. ट्रेसी घोडे न्यायच्या ट्रेलरमध्ये होइस्ट बांधून घेऊन आली, चाकांना गवत चिकटलेलं. हवा खेळती हवी म्हणून परीक्षा मोटार वर्कशॉपमध्ये, दारं सताड उघडी, थंडी हाडात शिरणारी. गाउन, मास्क, शील्ड घालून चौदा जणी उभ्या. आणि मग कळलं की पेशंट म्हणून वापरायचा पुतळा मोठ्या कॅम्पसमध्येच कुलपात राहिलाय.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

मला पलंगावर आडवं केलं, खालून झोळी सरकवली, हुक लावले. रिमोट मनीषाच्या हातात.

“दादा,” ती मास्कमधून हळूच म्हणाली, “तो फॉर्मवाला तुम्हीच ना?”

“हो.”

“हात छातीवर घ्या. हलू नका.”

बटण दाबलं. मी वर गेलो. तेवढ्यात परीक्षक पेन शोधायला गेली आणि मी तसाच अधांतरी राहिलो, पाय गारठलेले, चष्मा वाफेने भरलेला. मनीषाने विचारलं, खाली घेऊ का?

“राहू दे त्याला वरच,” दारातून ट्रेसी म्हणाली. “हेड ऑफिसचा पहिल्यांदाच काहीतरी उपयोग होतोय.”