डाळिंबांचा आडोसा

“तू आत नको. पडवीत बस.”

बाई हळूच बोलल्या. माझा हात अजून आडोशावर होता. मीच विणलेल्या.

भोरात आम्हा इस्राएलांची, म्हणजे ज्यूंची, पाच-सहा घरं. आमचं प्रार्थनाघर, त्याला आम्ही मशीदच म्हणतो, तिथं नव्हतं. संस्थानात हुद्द्यावर असलेल्या साहेबांच्या माजघरात शब्बाथची, शनिवारची प्रार्थना व्हायची. बायकांच्या बाजूला जुनी चादर टांगलेली. साहेबांच्या बाईंनी मला सांगितलं, “बांबूचा आडोसा कर. बघत राहावं असा.”

आमच्यात गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल. कातडीचा रंग नव्हे. बाई माझ्याहून सावळ्या होत्या. आमच्या कुण्या पणज्यानं जातीबाहेरची बायको केली, म्हणून आम्ही काळे. आम्ही मायलेकी पडवीत बसायचो. वाटलं, मी केलेल्या आडोशामागं तरी बसू देतील.

वेल्ह्याकडचा बांबू आणला. शेजारच्या बुरूडमावशीनं मला विणायला शिकवलं होतं. काही कामट्या हळदीत रंगवल्या, काही हिरड्याच्या काळ्या पाण्यात. मधोमध डाळिंबं काढली. दोन महिने. बोटं सोलून निघाली.

आणि मग, पडवीत बस.

आई भिंतीकडं तोंड करून बसली. आत शेमाची प्रार्थना सुरू झाली. ऐक, इस्राएला. आम्ही बाहेरून ऐकत होतो. आईचे ओठ हलत होते. आवाज नव्हता.

आई जाऊन वर्षं झाली. घरात एकटी असले की ते बिनआवाजाचं पुटपुटणं मला ऐकू येतं. वळून बघते. कुणी नसतं.

त्या प्रार्थनेच्या दुसऱ्या दिवशी बाईंनी आम्हाला बोलावलं. अंगणातच उभं केलं.

“सुरेख केलास हो. आता एक लहान कर, पडवीसाठी. पाहुणे येतात, तुम्ही दारातच दिसता.”

मला आधी उमगलंच नाही. मग उमगलं. माझ्या आईला झाकायचं होतं. माझ्याच हातानं.

आई घाईनं म्हणाली, “व्हय बाई, करंल की ती.”

“न्हाई करणार.”

“काय म्हणालीस?” बाईंनी विचारलं.

“आईला झाकायचा आडोसा म्या विणणार न्हाई. आन तुमच्या पडवीत बसणारबी न्हाई.”

आईनं माझं मनगट आवळलं. “गप! देवाचं दार बंद हुईल.”

“देव काय यांच्या माजघरात राहतो?”

आई रस्ताभर रडली. मी पुन्हा गेले नाही. ती मात्र मरेपर्यंत जात राहिली. एकटी. दुसऱ्या कुणीतरी केलेल्या आडोशामागं, पडवीत. तिला मी ओढून आणलं नाही. ते मला अजून सोडत नाही.

माझ्या पोरींना सांगून ठेवलंय. मला पुरायला माणसं येतील. त्यांत कुणी काळं-गोरं काढलं, तर त्याला माझ्यावर माती टाकू द्यायची नाही. माणसं कमी पडली तर तुम्ही पोरींनी खांदा द्या. फावडं उचला. पण त्याला हात लावू देऊ नका.