बाईंनी आम्हाला कामाला लावलं

आदरणीय एस्तेरबाईंची आणि माझी पहिली भेट झाली, तेव्हा त्यांनी माझं नावसुद्धा विचारलं नव्हतं. "नुसती उभी काय राहिलीस? त्या चटईचं दुसरं टोक धर," एवढंच त्या म्हणाल्या.

मी तेव्हा आठवीत होते. पनवेलला आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या सभागृहाची एक भिंत नव्याने बांधली जात होती आणि माझी आई, पारूबाई, तिथे विटा वाहायच्या मजुरीवर होती. शाळेला सुट्टी म्हणून मी तिच्यामागून आले होते. आत संडेस्कूलच्या मुलांची गाणी चालली होती, ती ऐकत मी दारात रेंगाळले होते. मी चटईचं टोक धरलं. आम्ही दोघींनी चटई झटकली, घडी घातली. मग बाईंनी नाव विचारलं आणि म्हणाल्या, "रविवारी ये, सुरेखा. चटया अंथरायला माणूस लागतं."

बाईंच्या पंच्याहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात अनेक जाणती माणसं लिहितील. बाईंनी शाळेत घडवलेले विद्यार्थी, त्यांनी उभं केलेलं गायनमंडळ, तालमीला उशिरा येणाऱ्यांना मिळालेला त्यांचा प्रसाद, हे सगळं त्यांच्या लेखांत येईलच. मी माझ्या घराबद्दल लिहिते, कारण बाईंचं मोठेपण मी तिथून पाहिलं आहे.

आमची वाडी कर्नाळ्याच्या पायथ्याशी, जंगलाला लागून. बाबा हंगामात वीटभट्टीवर आणि एरवी मिळेल त्या कामावर. दुसऱ्याचं घर म्हणजे कामाची जागा, एवढीच आम्हाला ओळख. तिथे चहा मिळायचा तो अंगणात, आणि आमचे पेले वळचणीला वेगळे खोचलेले असायचे. त्याबद्दल कुणी काही बोलत नसे. आम्हीही नाही.

माझ्यासोबत आईही रविवारी मंडळीत येऊ लागली. पाठीमागच्या, दाराजवळच्या बाकावर बसायची. शेवटचा आशीर्वाद झाला की माझा हात धरून बाहेर. मागे सगळे चहासाठी थांबायचे, कुणीतरी हाकही मारायचं, "अहो पारूबाई, चहा घेऊन जा!" आई म्हणायची, "मिनीडोअर चुकंल." मिनीडोअर, म्हणजे वाडीकडे जाणारी सहा आसनी रिक्षा, तर दिवसभर मिळत असे. एकदा मी तिला विचारलंच.

"चा नको गं बाय," ती म्हणाली. "कंच्या पेल्यात देतील, काय सांगावं. हितं बसून ऐकाया बरा वाटतो, तेवढा तरी राहू दे."

ज्या दिवशी वेगळा पेला पुढे आला असता, त्या दिवसापासून आई आली नसती. मीही नाही.

बाईंना हे कुणी सांगितलं नव्हतं. पण एका रविवारी आशीर्वादानंतर त्या दारातच उभ्या होत्या. मला वाटलं, आग्रह करतील. त्या म्हणाल्या, "पारूबाई, पुढच्या रविवारचा चहा तुम्ही करायचा."

आई घाबरली. "बाई, इतक्या मानसांचा चा मी नाय केला कदी. आनि माज्या हातचा... चालंल त्यांना?"

"न चालायला काय झालं? लवकर या. पातेलं जड आहे, मी उचलू लागते."

महिला मंडळातल्या एका भगिनींना हे पटलं नाही. त्यांनी बाईंना बाजूला घेऊन म्हटलं, "बरं दिसतं का हे? बिचारी आत्ता कुठे येऊ लागलीय, तिला लगेच स्वयंपाकघरात घालायचं?"

बाई म्हणाल्या, "कपबश्या धुवायला लावल्या असत्या तर बरं दिसलं नसतं. कपबश्या मी धुणार. त्या चहा करणार. तुम्ही प्यायचा."

तो रविवार आला. आईने मन लावून चहा केला, आमच्या घरी होतो तसा: कोरा, गोडमिट्ट, वाडीवरून आणलेली गवती चहाची पात घालून. दुधाच्या पिशव्या तशाच ओट्यावर राहिल्या. चहात दूध घालायचं हे तिच्या ध्यानातच आलं नाही. आमच्याकडे दूध असायचंच कुठे! कप वाटले गेले आणि जो तो आपल्या कपात पाहू लागला. शमुवेलकाका म्हणजे आमच्या मंडळीतले थट्टेखोर. कपात डोकावून ते म्हणाले, "काय हो, नाताळाच्या आधीच उत्तम शुक्रवार आला वाटतं?"

सगळे हसले; उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे, हा आमचा उपासाचा आणि शोकाचा दिवस. आई स्वयंपाकघराच्या दारात पदर मुठीत धरून उभी होती. मी चपला शोधू लागले.

बाईंनी आपला कप शेवटच्या घोटापर्यंत संपवला. "शमुवेल, दूध लहान मुलांना देतात. तुम्ही मोठे कधी होणार?" असं म्हणून त्या आईकडे वळल्या. "पारूबाई, अजून अर्धा कप द्या. गवती चहाने घसा कसा मोकळा झाला." मग काकांनीच कप पुढे केला, "मग मला पण द्या बुवा, मोठं व्हायचंय." आई पातेल्याशी परत गेली. बाईंनी पदर खोचला आणि कपबश्या धुवायला घेतल्या.

आम्ही घरी निघालो. वाडीच्या वळणावर उतरल्यावर आई म्हणाली, "सगळे प्याले गं."

दुधाचा चहा ती पुढे शिकली. पण त्या वर्षीपासून आमच्या मंडळीत उत्तम शुक्रवारची दुपारची लांब उपासना संपली, की उपास सोडायला पारूबाईंचा कोरा चहाच असतो. नवीन आलेल्यांना वाटतं, ही मंडळीची जुनीच रीत आहे. शमुवेलकाका त्यांना तसंच ठणकावून सांगतात.

बाईंना हे सुचलं कसं, ते मी एकदा विचारलं. त्या मूळच्या नगरकडच्या. लग्न होऊन पनवेलला आल्या, तेव्हा मंडळीत सगळ्यांनी त्यांचं फार कौतुक केलं. "वर्षभर मला खुर्ची देत होते गं. खुर्चीवर बसून बसून मला माहेरची इतकी आठवण यायची! मग एका म्हातारबाईंनी हातात झाडू दिला आणि म्हणाल्या, तो कोपरा राहिलाय. त्या दिवशी मी पनवेलची झाले." आज कामोठ्याच्या सेक्टरांत नोकरीसाठी कुठून कुठून माणसं येऊन राहतात. त्यांतलं कुणी मंडळीत आलं, की बाई त्यांच्या हातात काहीतरी देतातच.

आमच्याकडे एक पद्धत आहे. कुणी पदवीधर झालं की त्याला घरच्यांसह पुढे बोलावून प्रार्थना करतात. मी बी.ए. झाले, आमच्या घरातली पहिली. बाबा धुतलेला सदरा घालून माझ्याशेजारी उभे राहिले. पाळकसाहेबांनी डोळे मिटले, तेवढ्यात बाईंचा आवाज आला, "पाळकसाहेब, थांबा. घरचं माणूस आत आहे." आई चहाजवळ होती. बाई स्वतः आत गेल्या आणि आईला बाहेर पाठवलं. ओल्या हातांनीच आई माझ्याजवळ आली. त्या प्रार्थनेला बाई मात्र नव्हत्या. त्या आत दूध उतू जाऊ नये म्हणून उभ्या होत्या. मला मिळालेल्या सगळ्या शाबासक्यांत मला बाईंच्या या दूध राखण्याचा अभिमान सर्वांत जास्त आहे.

पंच्याहत्तरीच्या सत्काराची बैठक झाली तेव्हा ठरलं, की बाईंना व्यासपीठावर खुर्ची द्यायची, शाल-हार घालायचा आणि त्या दिवशीचा चहा बाहेरून मागवायचा. बाईंचा चेहरा उतरला. "आता या वयात मला पाहुणी करताय होय?"

बैठकीत कधी तोंड न उघडणारी माझी आई मागून म्हणाली, "बाई, शाल घ्या गुमान. चा भायेरून नाय यायचा, चा माजा हाय. आनि कपबश्या तुमीच धुवायच्या. पन हार काडून."

बाई इतक्या हसल्या की त्यांना चष्मा पुसावा लागला. तसंच ठरलं आहे.

देव आमच्या बाईंना पुष्कळ वर्षं देवो. त्यांचे गुडघे शाबूत राहोत, आवाज असाच खणखणीत राहो आणि दर रविवारी मोरीपाशी त्यांचा पदर खोचलेला आम्हाला दिसो. कार्यक्रम संपल्यावर चटया झटकायच्या आहेत, बाई. दुसरं टोक मी धरते.