दोन नंबरचा रिमोट

कुठलीही वस्तू अडली की तो आधी तिच्यात फुंकर मारायचा. स्टेपलर अडला, फू. प्रिंटरमध्ये कागद अडकला, झाकण उघडून फू. एकदा भर मीटिंगमध्ये साहेबांचं पेन उठेना, तर ह्याने ते त्यांच्या हातातून घेतलं, टोपण काढून फुंकर मारली आणि परत देत म्हणाला, "आता बघा." पेन चाललं. साहेबांना हसावं की रागवावं ते कळेना. आम्ही मात्र फायलींआड तोंडं लपवून हसलो.

"अरे, ही काय तुझी सवय?" मी विचारलं.

"ताई, आमचं सगळं शिक्षण फुंकरीवर झालंय. गेमची कॅसेट चालली नाही की काढायची, फुंकायची, परत घालायची. चालायचीच."

अलिबागला तालुक्याच्या कचेरीत आम्ही अकरा वर्षं शेजारी बसलो. तो माझ्याहून चार वर्षांनी लहान, म्हणून मी अरे-तुरे करायचे. तो मला ताई म्हणायचा आणि माझं सगळं बोलणं मुकाट ऐकून घ्यायचा. अंगाने किडकिडीत, पण मिशी अशी भारदस्त की सकाळी दारातून आधी मिशी आत यायची आणि मागून हा. आवक-जावकचं काम तुम्ही जवळून पाहिलं असेल तर तुम्हाला माहीत असेल, त्या टेबलावरचा माणूस हळूहळू खेकसायला लागतो. हा कधी खेकसला नाही. त्याच्या वाट्याचं खेकसणंही मी एकटीच पुरं करत होते म्हणा.

नागावला त्यांची नारळ-सुपारीची लहानशी वाडी. घरात हा, बायको आणि थोरला भाऊ. मुलगी पुण्याला शिकायला. वडील हा नऊ वर्षांचा असताना गेले आणि दहा वर्षांनी मोठ्या असलेल्या भावाने ह्याला वाढवलं. हा त्याला दादा म्हणायचा, मग आम्हीही दादाच म्हणायला लागलो. दादा उरणला कंटेनरच्या यार्डात नोकरीला होते. लग्न केलं नाही. पहिला पगार हातात आला तेव्हा आईला लुगडं आणि ह्याला टीव्हीवर खेळायचा व्हिडिओ गेम घेऊन आले. तेव्हा हा बारा वर्षांचा होता. "गावातला पहिला गेम आमच्याकडे, ताई," हे मी किती वेळा ऐकलं असेल त्याची गणतीच नाही.

मग दादांना विसरण्याचा आजार झाला. वयाच्या मानाने फारच लवकर. आधी चष्मा विसरायचे, मग जेवलो ते विसरायचे. एकदा अलिबागच्या स्टँडवर दोन तास उभे होते, कुठे जायचं ते आठवेना म्हणून. नोकरी सोडवून घरी आणलं. वर्षभरात त्यांनी ह्याच्या बायकोला, म्हणजे आमच्या वहिनीला, ओळखणं सोडलं, मग वाडी कोणाची ते विसरले आणि शेवटी ह्याला. ह्याच्याशी ते फार अदबीने बोलत. "बसा ना. पाणी घेणार का?" ज्याने बोट धरून शाळेत नेलं तो आपल्याला 'तुम्ही' म्हणतोय, हे रोज ऐकायचं. तो डबा खाता खाता मध्येच थांबायचा आणि म्हणायचा, "एकदा ओळखावं, ताई. एकदाच. मग विसरला तरी चालेल."

हे गेमचं खूळ त्याच्या डोक्यात शिरलं ते त्यातूनच. डॉक्टरांनी सांगितलं होतं, जुनं काही दाखवा, जुनी गाणी लावा. ह्याने माळ्यावर चढून प्लॅस्टिकच्या पिशवीतलं ते मशीन खाली काढलं. खाऱ्या हवेने त्याच्या पिना हिरव्या पडल्या होत्या. कचेरीत बसून खोडरबराने त्या घासायचा आणि मी ओरडायचे, "सरकार तुला ह्याचा पगार देतं का रे?" मशीन सुरू झालं तर नव्या टीव्हीवर चित्र येईना. मग शेजारच्या घरगुती लॉजवाल्याने मागीलदारी टाकलेला डबा टीव्ही हातगाडीवर घालून आणला. दोन आठवडे हा एकटाच खेळून बघत होता. अंगठ्याला फोड घेऊन यायचा.

"कसं वाटतंय म्हातारपणी?" मी चिडवलं.

"खरं सांगू? लहानपणी हा गेम केवढा मोठा वाटायचा. सगळी सुट्टी पुरायची. आता बघतो तर अर्ध्या तासात संपतो. आणि तेवढाही मला येत नाही."

एका रविवारी त्याने मला मुद्दाम बोलावलं. पडवीत दादा खुर्चीवर बसले होते, स्वच्छ लेंगा, दाढी केलेली. समोर तो डबा टीव्ही. ह्याने एक नंबरचा रिमोट त्यांच्या हातात दिला आणि काय सांगू तुम्हाला, ज्या माणसाला शर्टाची गुंडी लावता येत नव्हती, त्याचा अंगठा सरळ बटणावर जाऊन बसला. पडद्यावरचा तो लाल चड्डीतला बुटका पळायला लागला. खड्डा आला की उडी, दगड आला की वाकणं, एक चूक नाही. दादा हसत होते. वहिनी दारात पदर तोंडाला लावून उभी होती आणि हा माझ्याकडे अशा नजरेने बघत होता की बघा, मी म्हटलं नव्हतं?

बऱ्याच वेळाने दादांचा बुटका मेला. दोघांच्या खेळात एक मेला की दुसऱ्याची पाळी. ह्याने दोन नंबरचा रिमोट उचलला. तर दादांनी त्याच्या मनगटावर हात ठेवला.

"अहो, तो राहू दे. माझ्या भावाचा आहे तो. शाळेतून येईल एवढ्यात."

"दादा, मीच तो."

"तुम्ही चहा घ्या ना. पण रिमोट ठेवा. कोणी हात लावला की चिडतो तो."

ह्याने रिमोट खाली ठेवला. गेमचं ते टुणटुण संगीत वाजत राहिलं आणि दादा फाटकाकडे बघत वाट पाहत बसले. त्यानंतर रोज संध्याकाळी तेच होत होतं, असं तो सांगायचा. दादा आपली पाळी खेळायचे आणि मग फाटकाकडे बघत बसायचे. "आज उशीर केला पोराने," म्हणायचे.

आता मी जे बोलले ते सांगते. त्या रविवारी निघताना फाटकापर्यंत तो मला सोडायला आला, तोंड एवढंसं झालेलं. मला कोणाचं रडवेलं तोंड बघवत नाही, मी काहीतरी थट्टा करून मोकळी होते. म्हटलं, "अरे, त्यांच्या डोक्यातल्या त्या पोराला मिशी कुठे होती? हे झुडूप आधी काढ, मग ओळखतील." तो हसला नाही. नुसता मिशीवरून बोट फिरवत उभा राहिला.

आठवडा उलटल्यावर सोमवारी तो कचेरीत आला तेव्हा मी त्याला ओळखलंच नाही. मिशी नव्हती. आमच्याकडे घरातलं वडीलधारं गेलं की पुरुष मिशी उतरवतात, एरवी मिशीला कोणी हात लावत नाही. जन्मभर मी हे बघत आले. माझ्या वडिलांच्या वेळी माझ्या दोन्ही भावांनी उतरवली होती. आणि फाटकाशी उभं राहून ते बोलताना ह्यातलं काही म्हणजे काही माझ्या टाळक्यात आलं नव्हतं. आमचा शिपाई पाण्याचा ग्लास घेऊन पुढे झाला आणि हळूच म्हणाला, "कोण गेला, भाऊ? दादा गेलं व्हय?"

"नाही," तो म्हणाला. "मी गेलो."

दुपारी जेवणाच्या सुट्टीत त्याने मला सगळं सांगितलं. वहिनी माहेरी गेली होती. रविवारी सकाळी त्याने आरशासमोर मिशी काढली, केस पाण्याने चापून बसवले, हाफ पँट घातली आणि दादांच्या शेजारी जाऊन बसला. सत्तेचाळीस वर्षांचा माणूस! दादांनी त्याच्याकडे खूप वेळ निरखून पाहिलं.

"त्याचे डोळे भरले, ताई. मला वाटलं, झालं, ओळखलं. देवाशपथ सांगतो, मला तसंच वाटलं. मग त्याने माझ्या ओठावर, मिशीच्या जागी, बोट ठेवलं. म्हणाला, 'कधी गेला?' मी म्हटलं, 'कोण?' तर म्हणाला, 'माझा भाऊ. तरीच इतके दिवस येत नाही. मला कोणी कळवलं कसं नाही?'"

बारा वर्षांच्या पोरासाठी कोणी मिशी उतरवत नाही, पण एवढा विचार करायला डोकं शाबूत लागतं. दादांपुरतं जुळलं होतं. भाऊ येत नव्हता आणि घरात मिशी उतरवलेला माणूस बसला होता.

त्या दिवसापासून दादांनी रिमोटला हात लावला नाही. जेवण विसरणारा माणूस, पण हे विसरेना. सकाळी उठल्यावर का रडतोय ते त्यांना सांगता यायचं नाही, पण रडू यायचं. आणि मग दुपारपर्यंत कारणही आठवायचं. ह्याने काय काय केलं! लहानपणीचे फोटो दाखवले, वहिनीने हात धरून सांगितलं, "भाऊजी, हे काय समोर बसलेत." दादा ऐकून घ्यायचे आणि ह्याला म्हणायचे, "तुम्ही रोज भेटायला येता, बरं वाटतं." मिशी परत आली तोवर काही उपयोग राहिला नव्हता. डॉक्टर म्हणाले, वाद घालू नका, त्यांना त्रास होतो. म्हणजे मग काय करायचं? हो म्हणायचं. हा रोज संध्याकाळी आपल्या भावासमोर बसून आपण मेलो असं कबूल करायचा.

दादा त्याला त्या पोराच्या आठवणी सांगायचे. एकदा म्हणाले, "गेममध्ये अगदी ढ होता हो. पाळी आली की पहिल्याच खड्ड्यात. मग तोंड पाडून बसायचा. मी काय करायचो, दोन-चार उड्या मारल्या की मुद्दाम दगडावर आपटायचो. त्याची पाळी लवकर यावी म्हणून. त्याला वाटायचं दादाला येतच नाही." हे सांगताना दादा हसले होते म्हणे. मला सांगताना हा डब्याचं झाकण नुसतंच उघडत-लावत बसला. "मी गावभर सांगत फिरायचो ताई, मी दादापेक्षा भारी खेळतो."

गणपती झाल्यावर दादांनी खाणं जवळजवळ सोडलं. सुतकात गोड खात नाही म्हणायचे, मग भातही नको म्हणायला लागले. नवरात्राच्या आधी गेले. शेवटच्या दिवशीही ह्याचा हात हातात होता आणि ते त्याला म्हणाले, "तुम्हाला फार त्रास दिला." हे त्याने मला जिन्यात उभं राहून सांगितलं आणि भिंतीला डोकं टेकलं. काय समजूत घालणार मी? आजार होता, असं म्हटलं. देवाघरी भेटतील, असंही म्हटलं. माझं मलाच ते खोटं वाटलं.

"ताई," तो म्हणाला, "आपल्यामागे कोण किती रडेल ते कोणाला बघायला मिळत नाही. मी दोन महिने समोर बसून बघितलं. आणि एकदाही त्याला सांगता आलं नाही, अरे, थांब, मी आहे."

मी म्हटलं, "चूक माझी रे. मी बोलले नसते तर…"

"तुमची कसली चूक? वस्तरा मी धरला होता."

बस, तेवढंच. नंतर त्याने हा विषय काढला नाही, मलाही काढू दिला नाही. काम नीट करायचा, पण पूर्वीसारखं काही बोलायचा नाही. चिडवलं तर मान वर करून बघायचा, जसं काही मी दुसऱ्याच कोणाला हाक मारली. उन्हाळ्यात त्याने बदली मागून घेतली, तीही आडबाजूच्या तळा तालुक्यात. तिथे जायला कोणी तयार नसतं, म्हणून लगेच मिळाली. तिथेच खोली घेऊन राहतो. पंधरा-पंधरा दिवस नागावला येत नाही असं कळतं. मी दोनदा फोन केला. "बरं आहे ताई," म्हणाला आणि दोन्ही वेळा आधी त्यानेच ठेवला. त्याच्या खुर्चीवर आता एक मुलगी बसते. हुशार आहे. तिच्यावर खेकसायचंही माझ्या जिवावर येतं.

वहिनी मात्र वाडीचे नारळ उतरवले की माझ्यासाठी आठवणीने पाठवते, कोणी अलिबागला येणारं असलं की त्याच्या हातून. परवा तिचा फोन आला होता. म्हणाली, "ताई, ह्यांनी ती मिशी का काढली असेल हो? किती विचारलं, सांगतच नाहीत. ह्यांच्या डोक्यात हे भरवलं तरी कोणी?"

मी म्हटलं, "काय माहीत बाई."

दहा नारळ आले आहेत, सोललेले.