मुक्त करण्यात यावे

माझ्या बायकोला हे ठाऊक नाही. ज्या मित्राला मी बाकी सगळं सांगतो, त्यालाही नाही. एकदा त्याच्यासमोर तोंड उघडलं होतं, पण तेवढ्यात चहा आला आणि मी क्रिकेटवर बोलायला लागलो. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि ओळखत असाल, तर चुकीचं ओळखता.

गेल्या महिन्यात एका मंडळानं मला मानवी हक्कांवर बोलायला बोलावलं. शाल, नारळ, ‘आदरणीय सर’ — सगळं यथासांग झालं. मी तासभर बोललो, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला काय वाटलं म्हणता? राग आला. त्यांचा नाही, माझा. असा राग मला गेली पंचवीस-तीस वर्षं अधूनमधून येतो. मग मी जेवतो, झोपतो, सकाळी उठून पेपर वाचतो. एवढाच तो राग!

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी कोपरखैरण्याच्या एका शाळेत मराठी आणि नागरिकशास्त्र शिकवायचो. शाळा सुटली की खाडीपूल ओलांडून मुंबईला संध्याकाळच्या लॉ कॉलेजात जायचो. वकील व्हायचं होतं. निदान वकिलासारखं बोलायचं तरी नक्कीच होतं.

आमच्या एका प्राध्यापकांनी युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाच्या एका निकालाची झेरॉक्स मला दिली. ग्रीसमधली एक शाळकरी मुलगी. तिच्या पंथाला युद्ध मान्य नाही, म्हणून राष्ट्रीय दिनाच्या परेडला ती गेली नाही. शाळेनं तिला एक दिवस वर्गाबाहेर ठेवलं. एकच दिवस! आई-बाप थेट युरोपच्या कोर्टात गेले. त्यांच्याकडे कायदाच आहे — शिक्षण देताना सरकारनं पालकांच्या धर्माचा आणि मतांचा मान राखला पाहिजे. तरी न्यायाधीशांनी बहुमतानं काय म्हणावं? त्या परेडमध्ये या लोकांची श्रद्धा दुखावण्यासारखं काही दिसत नाही. दिसत नाही — कुणाला? एक मात्र त्यांनी मान्य केलं, की त्या घराला स्वतःच्या देशात दाद मागायला धड जागा नव्हती.

मी पेटून उठलो होतो. कॉलेजच्या निबंध स्पर्धेसाठी मी त्यावर लिहायला घेतलं, शाळेतल्या मोकळ्या तासांना, स्टाफरूममध्ये बसून. ‘ज्याला दुखत नाही, त्यानंच दुखत नाही असा निकाल द्यायचा?’ हे माझं वाक्य. कुणाकुणाला वाचून दाखवलं मी ते! गणिताच्या बाई तर म्हणाल्या, सर, तुम्ही शाळेत फुकट जाताय.

आता मुद्द्यावर यायला हवं. येतो.

दहावी अ माझा वर्ग होता. त्यात प्रज्ञा खरात नावाची मुलगी होती. वडील तुर्भ्याच्या बाजारात माथाडी, मूळचे साताऱ्याकडचे. घर बौद्ध. मराठीत ती वर्गात पहिली यायची, अक्षर छापल्यासारखं. मी शाळा सुटल्यावर तिला व्याकरण शिकवत असे, माझी पुस्तकं देत असे. ‘माझी विद्यार्थिनी’ असं म्हणायचो. त्यातल्या ‘माझी’वर किती जोर द्यायचो, ते मला फार उशिरा कळलं.

रोज सकाळी परिपाठ असायचा. राष्ट्रगीताला प्रज्ञा ताठ उभी, प्रतिज्ञेला हात पुढे. आणि सरस्वतीची वंदना सुरू झाली की तिचे हात खाली. जोडायची नाही. तोंड वाकडं करायची नाही, हसायची नाही, कुणाला काही बोलायची नाही — नुसती उभी असायची. वर्षानुवर्षं ती तशीच उभी असणार. कुणाचं लक्ष नव्हतं एवढंच.

लक्ष गेलं दसऱ्याच्या आधी. शाळेत पाटीपूजन होतं. एकाचे आकडे जोडून फळ्यावर मोठी सरस्वती काढायची, मग एकेका मुलानं येऊन हळदकुंकू आणि फूल वाहायचं. मी कौतुकानं प्रज्ञाला पुढे बोलावलं आणि खडू तिच्या हातात दिला. संस्थेचे कार्यवाह समोर खुर्चीवर बसले होते. ती हळूच म्हणाली, “सर, दुसरं काहीही लिहायला सांगा. हे नाही काढणार. दीक्षेच्या वेळी घरात सगळ्यांनी प्रतिज्ञा घेतल्यात.” खडू तिनं परत माझ्या हातात ठेवला. फेकला नाही, ठेवला. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे संस्थेच्या कागदात ‘खडू भिरकावला’ असं आलं, आणि ते वाचूनही मी गप्प बसलो.

मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, मला बोलावून घेतलं. “हा काय धर्म आहे का हो?” त्या म्हणाल्या. “हे संस्कार आहेत. सगळ्यांना चालतं, हिलाच काय झालं?” सगळ्यांना चालतं! ते वाक्य आठवलं की आजही माझं डोकं फिरतं. ज्यांच्या घरात ती मूर्ती आहे त्यांनीच ठरवायचं, की हा धर्म नव्हे, ही नुसती चालरीत आहे. परदेशातल्या न्यायाधीशांनी हेच म्हटलं म्हणून मी पानंच्या पानं लिहीत होतो. हातातल्या फाइलीत तो निबंध होता. बाई बोलत होत्या आणि मी मान डोलावत होतो. खरंच डोलावत होतो.

आणि युरोपला तरी कशाला जायचं? आपल्याच राज्यघटनेत लिहिलंय, की सरकारी मान्यतेच्या शाळेत कुणालाही पूजेला हजर राहायची सक्ती करता येणार नाही, आणि मूल लहान असेल तर पालकाची संमती लागते. मी ते कलम फळ्यावर लिहून शिकवलं होतं. याच वर्गाला. प्रज्ञानं वहीत लाल पेनानं चौकट केली होती, कारण मीच म्हणालो होतो, हे परीक्षेला येतं.

कार्यवाहांना ती मुलगी शाळेत नको होती. बाई अनुभवी. “आपण काढायचं नाही,” त्या म्हणाल्या. “आपण काढलं की बोंबाबोंब होईल. वडिलांनीच दाखला मागायला हवा. तुमचं ऐकतात ते. तुम्ही वकील माणूस, तुम्हीच लिहा काहीतरी.”

मी लिहिलं. कागद पुढ्यात ओढला आणि दहा मिनिटांत लिहिलं. अर्ज असा होता — ‘आमच्या धार्मिक मतांमुळे माझी मुलगी कु. प्रज्ञा हिला शाळेतील परिपाठ व पूजा यांत भाग घेणे शक्य नाही. तरी तिला मुक्त करण्यात यावे व तसा दाखला देण्यात यावा, ही नम्र विनंती.’ कशातून मुक्त? ते लिहिलं नाही. विसरलो नव्हतो. ‘शाळा सोडल्याचा दाखला’ असं लिहिलं असतं तर कुठल्याही बापाची सही झाली नसती. नुसतं ‘दाखला’ — मग तो कशाचाही. बाईंनी अर्ज दोनदा वाचला आणि माझ्याकडे बघून हसल्या. सांगायला लाज वाटते, पण मला बरं वाटलं.

खरात बाराच्या सुमारास आले, बाजारातलं काम आटोपून. सदऱ्याला कांद्याची सालं चिकटलेली. खुर्चीवर बसायलाच तयार नव्हते. त्यांना वाचता येत होतं, पण सावकाश, ओठ हलवत. मधेच थांबले. “मुक्त मंजी पूजेतनं ना, सर?”

मी म्हणालो, “हो.”

“चांगला शब्द हाय,” ते म्हणाले. “आन ह्यो दाखला?”

“मुक्त केल्याचा कागद.”

“मंजी पुन्यांदा कुनी इचारनार न्हाई पोरीला.”

“नाही. पुन्हा कुणी विचारणार नाही.”

त्यांनी सही केली. पूर्ण नाव, एकेक अक्षर सुटं. मग माझे आभार मानले. हात जोडून. ज्या घरातली मुलगी मूर्तीसमोर हात जोडत नाही, त्या घरातल्या माणसानं माझ्यासमोर जोडले. मी काय केलं? मीही जोडले, आणि कागद बाईंना नेऊन दिला.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली, तेव्हा हजेरीपटावर प्रज्ञाच्या नावापुढं लाल रेघ होती. शाळा सोडल्याचा दाखला तयार होता. वर्तणूक : चांगली. शाळा सोडण्याचे कारण : पालकांच्या विनंतीवरून. अक्षर माझं. खरात दुपारी धावत आले. बाईंनी फाइल उघडून दाखवली, हा तुमचा अर्ज, ही तुमची सही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “सर, तुमी सांगितलं हुतं ना, पूजेतनं?” त्यांच्या आवाजात राग नव्हता. मी आता आठवण करून देईन आणि गोंधळ मिटेल, असं त्यांना वाटत होतं. त्यांना अजूनही असं वाटत होतं की मी त्यांच्या बाजूचा आहे. मी म्हणालो, “अर्जात जे लिहिलंय, तेच झालंय.”

त्यांनी तक्रार केली. चौकशीला एक अधिकारी आले. त्यांनी मला एकच प्रश्न विचारला. अर्जाचा अर्थ पालकांना समजावून सांगितला होता का? मी म्हणालो, हो, शब्द न शब्द. त्यांनी ते लिहून घेतलं, मी खाली सही केली, आणि चहा पिऊन ते गेले. ग्रीसमधल्या त्या मुलीला दाद मागायला जागा नव्हती म्हणून मी किती आग पाखडली होती! इथं दाद मागायची जागा होती. तिथं साक्षीला मी बसलो होतो.

दहावीच्या मुलीला नोव्हेंबरात कोण घेणार? दोन-तीन शाळांनी नाही म्हटलं. बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरायची मुदतही टळून गेली होती. वर्ष गेलं. पुढच्या वर्षी ती बाहेरून बसली, असं कुणाकडून तरी कळलं. त्यापुढं मी विचारलं नाही. निबंधाला पहिला क्रमांक मिळाला, कॉलेजच्या वार्षिकात छापून आला. ‘सणसणीत’ असं परीक्षकांनी त्यावर लिहिलं होतं.

तुम्ही म्हणाल, नोकरीची भीती असेल. होती ना. मी अजून कायम झालो नव्हतो. इतकी वर्षं स्वतःला हेच सांगत आलो — घाबरलो, दबाव होता, माझ्या जागी कुणीही हेच केलं असतं. हे खोटं आहे. बाईंनी ‘लिहा काहीतरी’ म्हटल्यावर मी साधा अर्ज लिहून दिला असता, वडिलांनी सही केली नसती, आणि बाई फार तर दुसऱ्या कुणाकडे गेल्या असत्या. नोकरी काही जात नव्हती. तो एक शब्द शोधायला मला कुणी सांगितलं नव्हतं.

खरं सांगू? मला तिचा राग आला होता. माझी पुस्तकं वाचणारी, माझ्याकडून शिकणारी मुलगी, आणि चारचौघांत माझ्या हातात खडू परत ठेवते? इतकं केलं हिच्यासाठी — हे वाक्य माझ्या मनात आलं होतं. शब्दशः आलं होतं. आमच्या घरात ‘या लोकांना कितीही करा’ असं म्हणत, आणि मी त्यावरून वडिलांशी भांडायचो. तेच वाक्य मला सापडलं, माझ्यात, जसंच्या तसं. ग्रीसमधली मुलगी मला चालत होती. ती लांब होती, तिनं मला कधी नाही म्हटलं नव्हतं.

एक गोष्ट राहिली. ती गाळून सांगता येईल असं मला इथपर्यंत वाटत होतं. अर्जावर सही केली त्या दिवशी खरात एकटे आले नव्हते. फाटकापासून माझ्या टेबलापर्यंत प्रज्ञाच त्यांना घेऊन आली होती. अर्ज मी पुढे सरकवला, तेव्हा ती त्यांच्या शेजारी उभी होती. वडील अडखळत वाचायला लागलेले बघून म्हणाली, “सर, मी वाचून दाखवते बाबांना.”

तिनं तो एकदा वाचला असता, तर ‘कशातून?’ हे पहिल्या झटक्यात विचारलं असतं. वाक्यात काही राहून गेलं असेल तर क्रियापदाला प्रश्न विचारायचा, हे तिला शाळा सुटल्यावर बसून मीच शिकवलं होतं. मला ते त्या क्षणी आठवलं. आठवलं म्हणूनच मी कागदावर हात ठेवला.

“तुझा भूमितीचा तास चालू आहे ना?” मी म्हणालो. “दहावीचं वर्ष आहे. तास बुडवू नकोस.”

“हो, सर,” ती म्हणाली आणि धावत वर्गात गेली.